वूफर किती इंचांचा घ्यावा?

स्पीकर घ्यायला निघालेला माणूस सगळ्यात आधी वूफरचे, म्हणजे खर्जाचा आवाज काढणाऱ्या भागाचे, इंच विचारतो. सहा इंची वूफर पुरेल का, आठ इंची बरा, की सरळ बारा इंची घेऊन मोकळं व्हावं? प्रश्न चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. त्याच्या जोडीला आणखी एक विचारायला हवं: हा वूफर वरच्या बाजूला कुठपर्यंत गाणार, आणि तिथून पुढचं काम कोण उचलणार? खाली उतरायला वूफर मोठा लागतो, वर चढायला लहान. टू-वे (आवाजाचे दोन वाटे), टू-पॉइंट-फाइव्ह-वे, थ्री-वे (तीन वाटे) ही सगळी नावं म्हणजे या एकाच भांडणावर काढलेल्या वेगवेगळ्या तडजोडी. हे भांडण नीट समजून घेतलं, तर दुकानदाराने पुढ्यात टाकलेल्या माहितीपत्रकातलं काय कामाचं आणि काय सजावटीचं ते तुमचं तुम्हाला कळेल.

खालची बाजू: हवा किती ढकलायची

खर्जातला आवाज काढणं म्हणजे हवा ढकलणं. किती हवा ढकलली जाते हे दोन गोष्टींवर ठरतं: वूफरच्या हलणाऱ्या पडद्याचं क्षेत्रफळ आणि तो पडदा पुढे-मागे किती सरकतो ते अंतर. इथला नियम फार कडक आहे. तेवढाच जोर एक सप्तक खाली हवा असेल, तर चौपट हवा हलवावी लागते. ८० हर्ट्झला पडदा १ मिलिमीटर सरकत असेल, तर तेवढ्याच आवाजासाठी ४० हर्ट्झला तो ४ मिलिमीटर सरकायला हवा आणि २० हर्ट्झला १६ मिलिमीटर. घरगुती साडेसहा इंची वूफरचा पडदा आपल्या मूळ जागेपासून एका बाजूला साधारण ४ ते ६ मिलिमीटरच स्वच्छपणे सरकतो. त्यापुढे कॉइल चुंबकाच्या फटीतून बाहेर पडू लागते आणि आवाज फाटतो.

आता क्षेत्रफळ. खोक्यावर छापलेले इंच हे बाहेरच्या फ्रेमचे असतात. साडेसहा इंची वूफरचा प्रत्यक्ष हलणारा भाग जेमतेम १३ सेंटीमीटर व्यासाचा भरतो, म्हणजे सुमारे १३५ चौरस सेंटीमीटर. पाच इंचीचं क्षेत्रफळ ९०च्या आसपास, आठ इंचीचं २१५, दहा इंचीचं ३४० आणि बारा इंचीचं ५२०च्या घरात. साडेसहावरून बारावर गेल्यावर इंच दुप्पटही होत नाहीत, क्षेत्रफळ मात्र जवळजवळ चौपट होतं. याचा अर्थ असा: साडेसहा इंची वूफर ८० हर्ट्झला जेवढ्या जोरात वाजू शकतो, तेवढाच जोर ४० हर्ट्झला हवा असेल, तर तेवढंच सरकणारा बारा इंची लागतो. आकड्यांत सांगायचं, तर बंद बॉक्समधला, ५ मिलिमीटर सरकणारा साडेसहा इंची वूफर जमिनीचा आधार धरून एक मीटरवर ४० हर्ट्झला साधारण ८९ डेसिबलपर्यंत पोचतो आणि ८० हर्ट्झला १०१पर्यंत. पाच इंची यात आणखी पाच-सहा डेसिबल मागे पडतो.

बॉक्सला पोर्ट, म्हणजे ते गोल भोक, दिलं की या हिशेबात सवलत मिळते. पोर्ट ज्या कंप्रतेला लावलेला असतो, तिच्या आसपास बहुतेक काम पोर्टमधली हवा करते आणि पडदा जवळजवळ स्वस्थ राहतो. म्हणून आजचे बहुतेक लहान स्पीकर पोर्टवाले असतात. त्या कंप्रतेच्या खाली मात्र आवाज दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो आणि पडद्याला मागच्या हवेचा आधार उरत नाही. बंद बॉक्सचा उतार दर सप्तकाला १२ डेसिबलचा, बराच सौम्य.

एवढ्या खाली संगीतात असतं तरी काय? काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर असते. डबल बेस आणि बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झवर, पियानोची शेवटची पट्टी साडेसत्तावीसवर. म्हणजे ज्यांचं ऐकणं ख्याल, नाट्यसंगीत, अभंग, भावगीतं एवढ्यात आहे, त्यांना ४० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच लागत नाही. चांगला साडेसहा इंची वूफर तंबोऱ्याची खर्ज पूर्ण वजनाने देतो. अलीकडच्या चित्रपटगीतांतला सिंथेसायझरचा बेस, डान्स म्युझिक किंवा सिनेमातले स्फोट ऐकायचे असतील, तर गोष्ट वेगळी. तिथे ३० हर्ट्झच्या आसपासही मजकूर असतो आणि त्याला क्षेत्रफळ लागतंच, दुसरी वाट नाही.

वरची बाजू: आवाज पसरतो की एकाच दिशेला जातो

मोठा वूफर सरसकट चांगला का नाही, याचं उत्तर वरच्या टोकाला आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो. त्यामुळे १००० हर्ट्झच्या लहरीची लांबी ३४ सेंटीमीटर भरते आणि ३००० हर्ट्झच्या लहरीची साडेअकरा. लहर पडद्यापेक्षा बरीच लांब असेल तोवर आवाज चहूकडे पसरतो. ती आखूड होत होत पडद्याच्या व्यासाएवढी झाली, की आवाज टॉर्चच्या झोतासारखा समोर एकवटतो आणि बाजूला बसलेल्याला कमी ऐकू येतो. साडेसहा इंची वूफर या अवस्थेला २६०० हर्ट्झच्या सुमारास पोचतो, आठ इंची २१००च्या, बारा इंची १३००च्या. हा बदल एका क्षणी होत नाही, आधीपासून हळूहळू सुरू झालेला असतो.

दुसऱ्या बाजूला, नेहमीचा एक इंची डोम ट्वीटर, म्हणजे वरचे बारीक आवाज काढणारा भाग, २००० ते २५०० हर्ट्झच्या खाली आरामात उतरत नाही. त्याचा इवलासा पडदा तिथे दमतो. आता बारा इंची वूफर आणि एक इंची ट्वीटर असा टू-वे डोळ्यांसमोर आणा. १३०० ते २५०० हर्ट्झमध्ये वूफर फक्त समोर झोत टाकतो आणि ट्वीटर सुरू झाल्याबरोबर आवाज एकदम खोलीभर उघडतो. नेमक्या समोरच्या खुर्चीत बसून मोजलं, तर आलेख सरळही दिसेल. पण घरात आपल्या कानावर थेट आवाजाबरोबर भिंतींवरून परतलेला आवाजही येतो, आणि त्या परतलेल्या आवाजात याच पट्ट्यात खड्डा असतो. व्यंजनांची स्पष्टता, सतारीच्या नखीचा आघात, हार्मोनियमची धार या सगळ्याला याच पट्ट्यातून आकार मिळतो. म्हणून बारा इंची वूफर आणि एक साधा ट्वीटर लावलेले उंच टॉवर दुकानात दणदणीत वाटतात आणि घरी गाणं ऐकायला बसल्यावर गायक दूर गेल्यासारखा वाटतो. असे स्पीकर घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. अपवाद खऱ्या हॉर्नचा: मोठा हॉर्न (कर्ण्यासारखं तोंड) आणि त्याच्या मागे १००० हर्ट्झपर्यंत उतरणारा कॉम्प्रेशन ड्रायव्हर असेल, तर मोठ्या वूफरशी त्याचं छान जमतं. पण ते स्पीकर आकाराने आणि किमतीने वेगळ्याच वर्गातले.

हे भांडण जुनं आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर विलचर आणि हेन्री क्लॉस यांनी बारा इंची वूफर हवाबंद, तुलनेने लहान बॉक्समध्ये बसवून दाखवला. त्याआधी खोल खर्ज हवा असेल, तर कपाटाएवढा बॉक्स ठेवावा लागे. विलचर यांनी वूफरची आधाराची कडा मुद्दाम सैल ठेवली आणि परत खेचण्याचं काम बॉक्समध्ये कोंडलेल्या हवेकडे दिलं. खर्ज मिळाला, बॉक्स आटोपला, पण कार्यक्षमता घटली आणि अँप्लिफायर मोठे घ्यावे लागले. ही देवाणघेवाण हॉफमन यांच्या नावाने ओळखली जाते: खोल खर्ज, लहान बॉक्स आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज, या तिघांपैकी दोनच मिळतात. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वूफर आणि बॉक्स यांचं गणितच मांडून दिलं. आज वूफरच्या कागदावर दिसणारे एफएस (वूफरची स्वतःची कंप्रता), क्यूटीएस (त्याचं हलणं किती आवरलं जातं), व्हीएएस (त्याच्या कडेएवढा लवचीक हवेचा साठा) हे आकडे त्यांचे. स्वतः बॉक्स बांधणाऱ्याने इंचांपेक्षा हे तीन आकडे आधी पाहावेत. दोन आठ इंची वूफर दिसायला सारखे असले, तरी एकाला २० लिटरचा बॉक्स मानवतो आणि दुसऱ्याला ६० लिटरचा.

उलट्या टोकाचं उदाहरण बीबीसीचं. बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये मावेल असा स्पीकर त्यांना हवा होता. १९७०च्या दशकात त्यांच्या अभियंत्यांनी एलएस३/५ए बनवला: पाच इंची वूफर, छोटा ट्वीटर आणि आतली जागा सुमारे पाच लिटर. खोल खर्ज त्यांनी जाणूनबुजून सोडून दिला, कारण माणसाचा आवाज खरा वाटणं ही त्यांची अट होती. पन्नास वर्षं झाली, तरी गायन ऐकणारे लोक त्या स्पीकरची आठवण काढतात. मी याकडे असं पाहतो: काय सोडायचं हे ज्याने आधी ठरवलं, त्याचा स्पीकर चांगला झाला.

ड्रायव्हर किती आणि कसे

साडेसहा इंची वूफर आणि एक इंची ट्वीटर असा टू-वे जगभर इतका का दिसतो ते आता कळलं असेल. हा वूफर खाली ४५-५० हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी उतरतो आणि वर २००० ते २५०० हर्ट्झला, फार झोत पडायच्या आत, ट्वीटरच्या हाती सूत्रं देतो. दोन्ही टोकं जेमतेम पण खरोखर जुळतात. ठरावीक बजेटमध्ये सगळ्यात चांगला आवाज बहुतेक वेळा याच रचनेतून मिळतो, कारण पैसे दोनच ड्रायव्हरवर (वूफर, ट्वीटर असे आवाज काढणारे भाग) आणि साध्या क्रॉसओव्हरवर (त्यांच्यात कंप्रता वाटून देणारं सर्किट) खर्च होतात.

आणखी जोर हवा असेल, तर दुसरा वूफर जोडायचा. दोन साडेसहा इंची मिळून २७० चौरस सेंटीमीटर, म्हणजे एका आठ इंचीपेक्षा जास्त, आणि बॉक्स अरुंदच राहतो. पण दोन्ही वूफर वरपर्यंत गायला लागले, तर त्यांचे आवाज कानापर्यंत थोड्या वेगळ्या वेळी पोचतात आणि काही कंप्रता एकमेकींना खातात. यावर उपाय टू-पॉइंट-फाइव्ह-वे: खालचा वूफर काही शे हर्ट्झच्या वर गप्प बसतो, वरचा ट्वीटरपर्यंत गातो. याचा आणखी एक फायदा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. २० सेंटीमीटर रुंदीच्या बॉक्सचा आवाज ५००-६०० हर्ट्झच्या खाली बॉक्सला वळसा घालून मागेही जाऊ लागतो, त्यामुळे समोरचा जोर ६ डेसिबलपर्यंत घटतो. टू-वेमध्ये ही तूट भरायला वरचा सगळा आवाज दाबावा लागतो. इथे ती दुसरा वूफर भरून काढतो.

दोन वूफर समांतर जोडले की माहितीपत्रकात आवाज ६ डेसिबलने वाढलेला दिसतो. त्यातले ३ डेसिबल खरी कमाई. उरलेले ३ अँप्लिफायरकडून दुप्पट वीज ओढून आलेले असतात, कारण दोन ८ ओहम समांतर मिळून ४ ओहम होतात. तुमचा अँप्लिफायर जुना किंवा हलका असेल, तर तो ४ ओहमला चालतो का, हे मागच्या पट्टीवर वाचूनच पुढे जा.

ट्वीटर मध्ये आणि वर-खाली एकेक वूफर ही रचना जोसेफ दापोलितो यांनी १९८३ मध्ये मांडली. उभी ठेवली तर ती छान चालते, जमीन आणि छताकडे आवाज कमी जातो. हीच रचना आडवी करून टीव्हीखाली सेंटर स्पीकर म्हणून ठेवतात, तेव्हा मात्र सोफ्याच्या कडेला बसलेल्यांना संवाद पोकळ ऐकू येतात. कारण उघड आहे: दोन वूफर आता शेजारी-शेजारी आहेत आणि कडेच्या माणसापासून त्यांची अंतरं वेगळी पडतात. घरात चारपाच जण मिळून सिनेमा पाहत असतील, तर आडव्या सेंटरमध्ये निदान ट्वीटरखाली वेगळा मिडरेंज, म्हणजे मधल्या कंप्रतांचा ड्रायव्हर, आहे ना, ते पाहा.

थ्री-वे हे या भांडणाचं सगळ्यात सरळ उत्तर. वूफर ३०० ते ४०० हर्ट्झला थांबतो, मग तो दहा इंची असो की बारा इंची, झोताचा प्रश्नच येत नाही. मधला चार-पाच इंची ड्रायव्हर तिथून २५००-३००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे माणसाच्या आवाजाचा मोठा हिस्सा, एकटा सांभाळतो आणि खर्जाच्या धक्क्यांपासून मोकळा राहतो. मोठ्या आवाजात तबला आणि गायन एकमेकांत मिसळत नाहीत, ते यामुळे. पण ३०० हर्ट्झच्या क्रॉसओव्हरला मोठ्या कॉइल आणि मोठे कपॅसिटर लागतात, ते महाग असतात, आणि स्वस्त थ्री-वेमध्ये काटछाट नेमकी तिथेच होते. तेवढ्याच किमतीचा थ्री-वे आणि टू-वे समोर असतील आणि बजेट बेताचं असेल, तर मी टू-वे उचलीन. तीन ड्रायव्हर दिसतात म्हणून थ्री-वे घेणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे.

ट्वीटर वूफरच्याच मध्यभागी बसवलेले समकेंद्री ड्रायव्हरही मिळतात. टॅनॉयचा १९४७पासूनचा, केईएफचा १९८८पासूनचा. आवाज एकाच बिंदूतून येत असल्यामुळे जवळ बसून ऐकायला ते फार सुंदर. मात्र भोवतालचा पडदा खर्जासाठी जोरात हलत असेल, तर ट्वीटरच्या आवाजालाही ते जाणवतं, म्हणून वेगळा वूफर किंवा सबवूफर (फक्त खोल खर्जासाठीचा वेगळा बॉक्स) जोडीला असताना ते अधिक खुलतात.

एका समजुतीबद्दल इथे बोलायलाच हवं. लहान वूफरचा बेस चपळ आणि मोठ्याचा सुस्त, असं सर्रास बोललं जातं. ८० हर्ट्झचं एक आवर्तन साडेबारा मिलिसेकंद घेतं, पडदा पाच इंची असो की पंधरा इंची. तबल्याच्या थापेतली तड वरच्या कंप्रतांत असते आणि ती मिडरेंज व ट्वीटरमधून येते. बेस रेंगाळतो तो बॉक्स चुकीच्या मापाचा असल्यामुळे, किंवा खोलीमुळे. लहान स्पीकर नीटनेटका वाटतो, कारण खोली जिथे घुमते तिथपर्यंत तो पोचतच नाही.

खोली

आता त्या घुमण्याकडे. १० फूट बाय १२ फूट खोलीत १२ फुटांच्या बाजूने ४७ हर्ट्झला आणि १० फुटांच्या बाजूने ५६ हर्ट्झला आवाज भिंतींमध्ये उभा राहतो. त्या कंप्रता काही जागी फुगतात, तर काही जागी नाहीशा होतात. अमेरिकेतल्या लाकडी चौकटीच्या, जिप्सम बोर्डाच्या भिंती खर्जाबरोबर थोड्या हलतात आणि त्याला गिळतात. आपल्या विटांच्या आणि आरसीसीच्या भिंती तसं करत नाहीत. इथे खर्ज खोलीतच साठतो: फुकटचा जोर मिळतो आणि घुमणंही जास्त होतं. परदेशी परीक्षणात एखाद्या स्पीकरचा बेस थोडा कमी आहे असं वाचलंत, तर पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये तोच स्पीकर बरोबर बसण्याची चांगली शक्यता आहे.

म्हणून माझा सल्ला असा. १० बाय १२च्या खोलीत बहुतांश गायन-वादन ऐकणार असाल, तर साडेसहा इंची टू-वे, स्टँडवर. पाच इंचीही चालेल, पण मग सबवूफर जोडायची तयारी ठेवा. १२ बाय १८च्या हॉलसाठी दोन साडेसहा इंचींचा टू-पॉइंट-फाइव्ह-वे किंवा आठ इंची वूफरचा थ्री-वे. त्याहून मोठी, उंच छताची जागा असेल, तर दहा किंवा बारा इंची वूफरचा थ्री-वे घ्यावा, आणि तिथे कंजुषी करू नये. लहान खोलीत मोठा वूफर मुळातच वाईट, असंही नाही. कमी सरकत असल्यामुळे तो उलट जास्त स्वच्छ वाजतो. अडचण फक्त अशी की, त्याला भिंतीपासून हवी ती मोकळी जागा लहान खोलीत देता येत नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे वूफर आणून बॉक्स बांधणाऱ्यांसाठी एक सूचना. गाडीचे सबवूफर स्वस्तात मोठे इंच देतात, पण त्यांची आखणी गाडीच्या बंद, छोट्या जागेत खर्जाला मिळणारी वाढ गृहीत धरून केलेली असते. घरात ती वाढ नाही, आणि बरेचसे ४ किंवा २ ओहमचे असतात. आणि खोक्यावर पीएमपीओ, म्हणजे जाहिरातीसाठी फुगवलेले, वॉट छापलेले दिसले, तर तो आकडा पूर्णपणे सोडून द्या. पाहायचं ते इतकंच: एक मीटरवरची संवेदनशीलता (ठरावीक विजेत किती आवाज निघतो), ओहम, क्रॉसओव्हरची कंप्रता, आणि खालची मर्यादा किती डेसिबल घट धरून सांगितली आहे. नुसतं ३५ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ लिहून डेसिबल दिले नसतील, तर त्या ओळीला काही अर्थ नाही.

घरी आणल्यावर जागा बदलून पाहिल्याशिवाय स्पीकरबद्दल मत बनवू नका. वूफर मागच्या भिंतीपासून ८५ सेंटीमीटरवर असेल, तर भिंतीवरून परतलेली लहर १०० हर्ट्झच्या आसपास त्याच्याच आवाजाला खाते. भिंतीजवळ सरकवला, की तो खड्डा वर जातो. सबवूफर घेतला असेल, तर तो ८० हर्ट्झच्या खाली ठेवा, तिथे आवाज कुठून येतोय हे कानाला सांगता येत नाही आणि साडेसहा इंचीवरचा भारही उतरतो. त्याची जागा शोधायची एक जुनी युक्ती आहे. सबवूफर स्वतः बसता त्या खुर्चीवर ठेवा, बेसची एखादी सलग चालणारी ओळ लावा, आणि भिंतींच्या कडेने गुडघ्यांवर फिरत ऐका. जिथे सगळे सूर सारख्या वजनाने ऐकू येतील, तिथे तो ठेवा.